मुरूम भरण्याआधी

मैदानाभोवती निळे पत्रे उभे राहिलेत,
आत जायला आता मलाही हेल्मेट लागतं.
टेपचं एक टोक कंत्राटदाराच्या भाच्याकडं,
दुसरं माझ्याकडं, मोजमापाचं पुस्तक काखेत.
खोली एक मीटर वीस.
परभणीची काळी माती, मेमध्ये फाटते,
ऑगस्टात फुगते, हिच्यावर ट्रॅक धरत नाही,
असं अंदाजपत्रकात मीच लिहिलंय:
माती काढणे, मुरूम भरणे,
पाणी मारून दबाई करणे, दर घनमीटरला.

नकाशात आठ लेनचा लाल ट्रॅक आहे,
ओपन जिम, सेल्फी पॉइंट,
चाळीस गाड्यांचं पार्किंग.
खो-खो ‘बहुउद्देशीय’ या शब्दात कुठंतरी
गुडघे मोडून बसलंय, कुणी खो द्यायची वाट बघत.
बैठकीत साहेबांनी विचारलं, ढगे मॅडम, काही?
मी म्हटलं, नाही सर.

दोन्ही खांब परवाच उपटले.
दक्षिणेचा सरळ निघाला.
उत्तरेच्यानं जेसीबीची साखळी तोडली एकदा,
तोच, ज्याला वळसा मारताना
माझ्या डाव्या तळहाताचं कातडं गेलं होतं
आणि तीन मिनिटं दहा सेकंद
हिंगोलीच्या पोरींना मी घावले नव्हते.
आता भंगारात आहे. किलोवर जाईल.

तेव्हा महेबूबभाई फक्की मारायचे.
रोजंदारीवर, पैसे कधी तिमाहीला, कधी तेही नाही.
सुतळी ताणून, एक डोळा मिटून विचारायचे,
‘लाइन सीधी दिखरी क्या बेटी?’
मी म्हणायचे, हौ.
दिसायची कुठं सरळ!
भेग आली की त्यांचा हात थबकायचा,
फक्की आत गेली तर वाया जाते म्हणून
रेघ थोडी बाजूनं घ्यायचे,
तरी जायचीच.
टँकरच्या वर्षी बर्फाच्या कारखान्याचं
गळतीचं पाणी डब्यांनी आणून शिंपडायचे,
एप्रिलात गुडघ्याला मैदान गार लागायचं.
सामना संपला की डबे उपडे ठेवून
त्यावर बसायचे, कोण जिंकलं ते विचारायचे नाहीत.

काल उत्तरेची कड उभी कापली
आणि मातीत पांढऱ्या शिरा दिसल्या,
वरून खाली, वाकड्या, सुतळीएवढ्या.
भाचा म्हणाला, चुनखडी असती मॅडम.
मी बोटांत चोळून बघितली.
मग टेप लावला, उगाच:
एकाहत्तर सेंटिमीटर.
‘हे लिहायचं का?’
नको म्हटलं.

पत्र्याच्या फटीतून रोज एक पोरगी वाकून बघते,
बेबीसरोज नाव, पाठीवर दप्तर, पायात काही नाही.
‘मॅडम, कवा व्हईल?’
दिवाळीला.
‘कोणत्या?’
मला हसू आलं नाही.
‘अन् ही माती कुठं चालली?’
ते मला माहीत होतं. वसमत रोडच्या बंगल्यांना,
बागेसाठी, कंत्राटदाराच्या हिशेबानं.

संध्याकाळी मी एका हायवाच्या ड्रायव्हरला
वस्तीमागचा रिकामा प्लॉट दाखवला.
पुस्तकात त्या दिवशी एक खेप कमी आहे,
तपासणी आली तर माझी सही आहे खाली.

आज ऑफिसला जाताना तिथून गेले.
माती अजून ढेकळांची, फावड्यानं अर्धी पसरलेली,
एका टोकाला नो पार्किंगचा खांब रोवलाय, कुठून आणला कोण जाणे,
दुसऱ्या टोकाला खांबच नाही,
एक लहान पोरगं उभं केलंय हात वर करून.
रेघ बहुतेक रांगोळीची.
वाकडी.
गाडी बंद न करता बघत राहिले,
तेवढ्यात बेबीसरोजनं पुढच्या पोरीच्या
पाठीत असा खो घातला
की खांब झालेलं पोरगंच दचकून पळालं.